नव्या गाडीवर पहिला खर्च कशाचा?

वाचकाचे पत्र : मी २७ वर्षांचा असून जुळे सोलापुरात राहतो आणि पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरी करतो. यंदा दसऱ्याला रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेतली. गाडी तारेच्या चाकांची आहे. दुसरी पाळी असली की घरी यायला रात्रीचे साडेबारा होतात. महिन्यातून एकदा आईला मागे बसवून तुळजापूरला नेतो आणि जमले तर पुण्याला बहिणीकडेही गाडीनेच जायचे मनात आहे. गाडीच्या फिटिंगसाठी मी ३०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. माझी यादी अशी : आवाजाचा सायलेन्सर, अलॉय चाके, रुंद हँडल, मागचा मडगार्ड कापून छोटी नंबरप्लेट, दोन जादा दिवे आणि क्रॅश गार्ड. साडी गार्ड गाडीला शोभत नाही म्हणून मी शोरूममध्येच काढायला लावला. मित्र म्हणतात, आधी सायलेन्सर बदल, गाडी उठून दिसेल. वडील म्हणतात, कंपनीने दिली तशीच ठेव, एक स्क्रूसुद्धा हलवू नकोस. सुरुवात कशाने करावी?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नव्या गाडीबद्दल तुमचे मनापासून अभिनंदन. स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली मोठी गाडी आपल्या मनासारखी दिसावी, ही इच्छा अगदी योग्य आहे आणि ती सोडून द्या असे मी सांगणार नाही. मात्र तुमची यादी मी उलट्या क्रमाने वाचेन. तिच्यात शेवटी आलेले दिवे आणि क्रॅश गार्ड पुढे यायला हवेत, पहिला आलेला सायलेन्सर यादीतून पूर्णपणे जायला हवा आणि जी गोष्ट तुम्ही काढून टाकली आहे ती सर्वांच्या आधी परत बसायला हवी. असे का, हे तुमच्याच पत्रातील चार तपशिलांवरून ठरते. मध्यरात्रीचा पुणे महामार्ग, मागे बसणारी आई, तुळजापूरची वाट आणि ३०,००० रुपयांची मर्यादा हे ते तपशील. दुसऱ्या एखाद्याची गाडी हीच असली, तरी त्याचा क्रम वेगळा लागला असता.

पहिल्या सर्व्हिसपर्यंत, म्हणजे ५०० किलोमीटरपर्यंत, गाडीवर शोभेची एकही वस्तू चढवू नका. या काळात इंजिनाचे भाग एकमेकांशी जुळत असतात, त्यामुळे एकाच वेगात लांबवर पळवणे आणि इंजिनाला ताण देणे टाळायचे असते, हे शोरूममध्ये तुम्हाला सांगितलेच असेल. याच काळात चालकाचे अंगही गाडीशी जुळत असते, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. मनगट दुखते की कंबर, गुडघे टाकीला नीट टेकतात की नाही, सिग्नलला थांबल्यावर १९५ किलो वजन पायांवर सहज पेलते की नाही, हे आठवडाभराच्या ये-जा करण्यातून आपोआप कळते. शोरूमच्या फरशीवर गाडीवर बसून ते कळत नाही. रुंद हँडल हवे की नको, सीट बदलावी की नको, या प्रश्नांचे उत्तर तुमची पाठ देईल. ते येण्याआधी घेतलेली वस्तू बहुधा दुसऱ्याच्या गाडीवर पाहून घेतलेली असते.

या दिवसांत पैसे न लागणारी कामे मात्र जरूर करून घ्या. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर बोटे सरळ ठेवून सहज पोहोचतील अशा कोनात फिरवून घेता येतात. गिअरचा पायखटका आणि मागच्या ब्रेकचा पेडल तुमच्या बुटाच्या उंचीला लावून घेता येतो, आणि कारखान्यात सेफ्टी शूज घालणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. आरसे असे लावा की त्यांत तुमचे खांदे कमी आणि मागचा रस्ता जास्त दिसेल. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यानुसार भरा. एकट्यासाठीचा आणि मागे कोणी बसले असतानाचा मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, हे विसरू नका. सोलापूरच्या उन्हात, पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत, तापलेल्या टायरमधील हवेचा दाब वाढलेला दिसतो आणि तो पाहून हवा कमी करणारे पुष्कळ आहेत. टायर थंड झाल्यावर तोच दाब गरजेपेक्षा कमी ठरतो.

बिनपैशाच्या कामांतले सर्वांत महत्त्वाचे काम मागच्या शॉकॲब्सॉर्बरचे आहे आणि तुमच्या बाबतीत ते थेट रात्रीच्या प्रकाशाशी जोडलेले आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. तुमच्या गाडीच्या मागच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण सहा पायऱ्यांत कमी-जास्त करता येतो. तुम्ही एकटे जात असाल तर खालची पायरी पुरते. आई मागे बसली, शिवाय ओटीचे सामान आणि पिशव्या आल्या, की गाडीचा मागचा भाग दबतो आणि त्याच प्रमाणात पुढचा दिवा वर उचलला जातो. मग डिपरवर असतानाही तुमचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुमच्या चाकापुढचा रस्ता, जिथे खड्डा किंवा न रंगवलेला गतिरोधक असू शकतो, अंधारात राहतो. याशिवाय दबलेली स्प्रिंग खड्ड्यात तळाला आदळते आणि तो हादरा थेट मागे बसलेल्याच्या मणक्याला बसतो.

हे स्वतः पाहायचे असेल तर संध्याकाळी सपाट जागी, भिंतीपासून पाचेक मीटरवर गाडी उभी करा, एकट्याने बसून डिपरच्या प्रकाशाची वरची कड भिंतीवर खडूने आखा आणि मग आईला मागे बसवून ती कड किती वर सरकते ते पाहा. स्प्रिंग दोन-तीन पायऱ्या वर घेतली की कड पुन्हा खाली येते. त्यासाठीचा पाना गाडीसोबतच्या हत्यारांत पाहा. नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम काही मिनिटांत होते. तुळजापूरला निघण्याआधी ही पायरी बदलायची आणि सोमवारी कामावर जाताना परत उतरवायची, एवढी सवय लावून घेतलीत तरी जादा दिव्यांच्या खर्चापेक्षा मोठा फायदा होईल.

आता साडी गार्डबद्दल. तो आजच परत बसवून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची पट्टी, पाय ठेवायची सोय आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असणे बंधनकारक आहे. म्हणजे शोरूममध्ये तुम्हाला ‘ठेवायचा की काढायचा’ असा पर्याय मिळायलाच नको होता. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या पत्रातच त्याचे कारण आहे. आई साडीत एका बाजूला बसत असतील, तर दोन्ही पाय डावीकडे आणि पदर वाऱ्यावर असतो. तारेच्या चाकात पदर गेला की तो दोरा गुंडाळावा तसा क्षणात गुंडाळला जातो आणि माणूस ओढला जातो. ओढणीचेही तसेच होते. सोलापुरात कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा, चाकात अडकलेले कापड त्याने कापून काढलेले असते. शोभेचाच प्रश्न असेल तर कंपनीच्या ॲक्सेसरीजमध्ये किंवा चांगल्या दुकानात काळ्या रंगाचा, गाडीच्या रेषेला जुळणारा गार्ड शोधा. मात्र एका बाजूला बसणाऱ्या आईंना दोन्ही पाय टेकवायला रुंद पट्टी असलेलाच गार्ड घ्या. ही पट्टी नसलेले बारीक, नाजूक गार्ड दिसायला छान असतात, पण तुमच्या घरच्या उपयोगाचे नाहीत.

यानंतर ३०,००० रुपयांतील पहिला खरा खर्च येतो आणि तो गाडीवर करायचाच नाही. तो दोन हेल्मेटवर करायचा आहे, एक तुमच्यासाठी आणि एक आईंसाठी. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे आणि १ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्ह नसलेली दुचाकीची हेल्मेट विकण्यास मनाई आहे. तुमचे हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारे घ्या. काच ओरखडे नसलेली आणि पारदर्शक असावी, कारण काळ्या काचेचे हेल्मेट घालून मध्यरात्री महामार्गावर येणे म्हणजे दिव्यांवर केलेला सगळा खर्च वाया घालवणे होय. आईंसाठी हेल्मेट घेताना त्यांना दुकानात सोबत न्या. अंबाडा असेल तर माप बदलते, आणि गुदमरल्यासारखे वाटले तर त्या ते घालणार नाहीत. वजनाने हलके, समोरून उघडणारे हेल्मेट त्यांना सोसेल. पट्ट्याचे बकल त्यांना स्वतःच्या हाताने लावता-काढता आले पाहिजे. उरलेल्या पैशांत तुमच्यासाठी हातमोजे घ्या. पडताना माणूस हात पुढे टाकतो, आणि तळहाताची सालटी निघालेला कामगार पुढे कित्येक दिवस मशीनवर उभा राहू शकत नाही.

दिव्यांचा विचार आता करू. तुम्ही दसऱ्याला गाडी घेतलीत, म्हणजे तुमचा रात्रीचा प्रवास नेमका उसाच्या गळीत हंगामाच्या तोंडावर सुरू झाला आहे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी आहे आणि हंगामभर रात्री-अपरात्री ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो. उसाचे वाढे मागे आणि बाजूला बाहेर आलेले असतात, मागचा दिवा असला तरी त्यांत झाकला जातो आणि कित्येक ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टरही नसतो. बंद पडलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला, कधी अर्धी रस्त्यावर, दगड लावून उभी असते. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागायच्या आतच ३३ मीटर संपलेले असतात. तुमचा अप्पर-डिप्परचा प्रकाश त्याहून बराच पुढे पोहोचत असला, तरी समोरून येणाऱ्या ट्रकच्या झोतामुळे डोळे दिपलेले असतात तेव्हा त्याचा उपयोग निम्माही राहत नाही. म्हणून इतरांना मी जादा दिवे नंतर घ्या म्हणून सांगतो, तुम्हाला मात्र ते पहिल्या टप्प्यातच घ्यायला सांगेन.

हे दिवे घेताना पुढची काळजी घ्या. ते कंपनीच्या ॲक्सेसरीजमधले, स्वतःच्या वायरिंग, रिले आणि फ्यूजसह येणारे असावेत आणि गाडीच्या मूळ वायरिंगला काप न देता कपलरने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या तयार प्लगने, जोडले जावेत. रस्त्यावरच्या दुकानात हेडलाइटची वायर सोलून टेप गुंडाळून दिलेली जोडणी पावसाळ्यात गंजते, कधी तापते, आणि पुढे विजेच्या कोणत्याही बिघाडावर वॉरंटी मागायला गेलात तर पहिले बोट त्याच टेपवर ठेवले जाते. दिवे हेडलाइटपेक्षा खाली, किंचित जमिनीकडे झुकलेले बसवा. त्यांचे बटण वेगळे ठेवा आणि शहरात शिरताना, बाळे ओलांडून पुणे नाक्याकडे येताना, ते बंद करा. सात रस्त्यावर समोरच्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांवर झोत टाकून कोणाचेच भले होत नाही. लुकलुकणारे, निळे किंवा लाल दिवे पुढे लावू नका. लाल दिवा पुढून दाखवणे नियमबाह्यच आहे. सध्याच्या क्लासिकचा पुढचा दिवा मुळात एलईडी असल्याने बल्ब बदलण्याचा प्रश्न तुम्हाला येत नाही. जुन्या हॅलोजन दिव्याच्या गाड्या असलेल्या वाचकांना मात्र सांगतो की, त्या कपात एलईडी बल्ब बसवला तर प्रकाश विखुरतो, लांबचे कमी दिसते आणि समोरच्याला त्रास अधिक होतो.

तुम्हाला दिसणे जितके गरजेचे, तितकेच तुम्ही मागच्याला दिसणे गरजेचे आहे. मागच्या मडगार्डवर, साडी गार्डच्या कडेला आणि हेल्मेटच्या मागे चांगल्या प्रतीची लाल परावर्तक पट्टी लावा. तिला शंभर-दोनशे रुपयांपेक्षा जास्त लागत नाहीत आणि महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकचालकाला तुम्ही कितीतरी आधी दिसता. तुमच्या संपूर्ण यादीत एवढ्या कमी पैशांत एवढा उपयोग देणारी दुसरी वस्तू नाही.

क्रॅश गार्डबाबत तुमचा विचार योग्य आहे. फक्त त्याच्याकडून अपेक्षा किती ठेवायची हे स्पष्ट असावे. पार्किंगमध्ये, वळताना, वाळूवर किंवा पावसानंतर काळ्या मातीच्या चिखलावर हळू वेगात गाडी आडवी झाली, तर तो टाकी, लिव्हर आणि मुख्य म्हणजे तुमची नडगी वाचवतो. सोलापूरच्या आसपास शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ही माती डांबरावर येते आणि पहिल्या पावसात तेल सांडल्यासारखी निसरडी होते, त्यामुळे अशा पडण्याची शक्यता खरीच आहे. मोठ्या वेगातील धडकेत मात्र गार्डवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे वेग आणि हेल्मेटच उपयोगी पडतात. गार्ड जाड नळीचा, चेसीच्या मूळ बोल्टच्या जागांवर बसणारा आणि हँडलच्या रुंदीच्या आत राहणारा घ्या. स्वस्तातला पातळ नळीचा गार्ड पहिल्याच आपटीत आत वाकतो आणि पाय त्यात अडकून बसतो. चेसीवर वेल्डिंग करून काही बसवू देऊ नका, मग करणारा कितीही ओळखीचा असो.

आता सायलेन्सर. मित्रांचा आग्रह आणि तुमची ओढ दोन्ही समजतात, कारण या गाडीचा आवाज हीच तिची ओळख आहे असे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले आहे. पण तुमच्याकडे असलेली गाडी जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांसारखी नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ या प्रदूषण मानकांच्या गाडीत इंधन इंजेक्शनने जाते, एक्झॉस्टमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि ऑक्सिजन सेन्सर बाहेर पडणारा वायू तपासून गाडीच्या संगणकाला इंधनाचे प्रमाण सांगत असतो. ही सारी व्यवस्था मूळ सायलेन्सरचा अडथळा गृहीत धरून जुळवलेली आहे. ‘इंदोरी’ म्हणून विकला जाणारा पोकळ सायलेन्सर लावला की हा अडथळा बदलतो, मिश्रणाचा मेळ बिघडू शकतो, इंजिन अधिक तापते, थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात. ताकद मात्र वाढत नाही. सुमारे २० अश्वशक्ती आणि २७ न्यूटन मीटर टॉर्कचे हे इंजिन मुळात संथ, खालच्या फेऱ्यांवर ओढणारे बनवले आहे. आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास होतो, एवढेच.

कायद्याची बाजू अधिक कडक आहे. १७५ सीसीवरील मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. आवाज आणि प्रदूषणाचे मानक मोडणाऱ्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे. कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका कायम केली. नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२ए नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे तुम्हीही पाहिली असतील.

याहूनही मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, तुम्ही रात्री साडेबाराला घरी येता. त्या वेळी जुळे सोलापुरातील तुमच्या कॉलनीत कोणाचे तान्हे मूल नुकतेच झोपलेले असते, कोणी सकाळच्या पाळीला जाणारा झोपेत असतो, कोणी आजारी असतो. या सर्वांना महिन्यातून कित्येक रात्री दचकवून उठवण्याचा अधिकार आपल्या गाडीला नसावा. ही वस्तू यादीतून काढा आणि पुन्हा लिहू नका.

अलॉय चाकांची तुमची मागणी मी नाकारत नाही, पुढे ढकलतो. तिच्यामागे शोभेपलीकडचे कारण आहे. तारेच्या चाकात ट्यूब असते, काटा किंवा खिळा लागला की हवा झपाट्याने जाते आणि आपल्या भागात वेड्या बाभळीचा काटा कुठेही मिळतो. अलॉय चाकावर ट्यूबलेस टायर बसतो, त्यातून हवा बहुधा हळूहळू जाते आणि चाक न काढता पंक्चर निघते. मध्यरात्री मोहोळ रस्त्यावर एकटे असताना हा फरक मोठा आहे. परंतु चाके आणि टायर मिळून तुमच्या रकमेचा बहुतेक भाग खाऊन टाकतील, आणि नवे टायर अजून पूर्ण आयुष्य चालायचे आहेत. हे टायर झिजतील तेव्हा कंपनीचीच, तुमच्या मॉडेलला आणि एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरला जुळणारी चाके घ्या. बाहेरची स्वस्त ओतीव चाके खड्ड्यात तडकतात, ती अर्ध्या किमतीत मिळाली तरी घेऊ नका. तोवर एक जादा ट्यूब, चाक काढायचे पाने आणि छोटा पंप सोबत ठेवा. एखाद्या रविवारी ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे मेन स्टँडवर मागचे चाक काढून-बसवून शिकून घ्या. तेवढ्या रात्रीच्या प्रवासात हे कौशल्य नक्की कामी येईल. मूळ मापापेक्षा रुंद टायर मात्र तेव्हाही बसवू नका, कारण गाडीचे वळणे जड होते आणि टायर रिमवर नीट बसत नाही.

मागचा मडगार्ड कापण्याचा विचार सोडा. पावसाळ्यात काळ्या मातीचा सगळा फवारा आईंच्या पाठीवर येईल, मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर यांची जागा बिघडेल आणि एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची असलेली सुरक्षा नंबरप्लेट वाकवून बसवावी लागेल, जे चालत नाही. गाडीचा संपूर्ण रंग बदलायचे मनात आले तर रंगही नोंदणीपत्रात असतो, त्यामुळे आधी आरटीओकडे नोंद करावी लागते, हेही ओघाने सांगून ठेवतो.

हँडलबद्दल तुम्ही कारण दिलेले नाही. रुंद हँडल केवळ आवडते म्हणून हवे असेल तर थांबा. खांदे किंवा मनगट दुखत असेल तर आधी सध्याचेच हँडल क्लॅम्पमध्ये थोडे फिरवून पाहा, अनेकांचे दुखणे तेवढ्याने जाते. मोठे हँडल लावताना क्लच आणि थ्रॉटलच्या केबल, पुढच्या ब्रेकचा पाइप आणि वायरिंग हे सर्व ताणले जाते. पूर्ण वळवल्यावर पाइप ताणत असेल तर ते हँडल धोक्याचे आहे. पुण्याच्या अडीचशे किलोमीटरसाठी सीट मऊ हवी असे वाटले, तर त्याचा निर्णय तुळजापूरच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर, आईंना विचारून घ्या. मागच्या सीटबद्दल त्यांचे मत तुमच्यापेक्षा खरे असणार. पाठीला टेकायची छोटी गादी त्यांना हवीशी वाटेल, पण त्या एका बाजूला बसत असतील तर तिचा उपयोग होणार नाही.

मोबाइलचा स्टँड तुम्ही यादीत लिहिलेला नाही, तरी लवकरच घ्याल, म्हणून एक सूचना. मोटारसायकलच्या मोठ्या इंजिनाच्या कंपनाने फोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला होता. कंपन शोषणारा स्टँड घ्या, आणि रोजच्या पाठ असलेल्या वाटेवर फोन खिशातच राहू द्या. कंपनीच्या एअर फिल्टरऐवजी दुसऱ्या प्रकारचा फिल्टर मात्र बसवू नका. ‘जास्त हवा ओढणारा’ म्हणून विकला जाणारा फिल्टर धूळही जास्त आत घेऊ शकतो, आणि आपल्या जिल्ह्यात धुळीची कमतरता नाही.

जे काही बसवाल त्याचे बिल जपून ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या. नव्या दुचाकीला तृतीय पक्ष विमा पाच वर्षांचा असतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण अनेकदा एकाच वर्षाचे घेतलेले असते. ते पुढच्या दसऱ्याआधी नूतनीकरणाला येईल. नोंद नसलेल्या ॲक्सेसरीजची भरपाई मागता येत नाही, आणि विजेची जोडणी बाहेर केलेली असेल तर दाव्यावर प्रश्न उभे राहतात.

वडिलांच्या म्हणण्याकडे परत येतो. त्यांचे ‘एक स्क्रूसुद्धा हलवू नकोस’ हे शब्दशः घेण्याची गरज नाही, पण त्यामागची काळजी योग्य जागी आहे. त्यांना ही यादी दाखवा : दोन हेल्मेट आणि हातमोजे, पाय टेकवायची पट्टी असलेला साडी गार्ड, परावर्तक पट्ट्या, कपलरवरचे दोन दिवे आणि मजबूत क्रॅश गार्ड. हे सर्व नीट विचारपूस करून घेतले तर ३०,००० रुपयांत बसून काही रक्कम शिल्लक राहावी, आणि ती चाकांसाठी बाजूला ठेवता येईल. गाडीवर तुमच्या आवडीची एखादी गोष्ट पहिल्या सर्व्हिसनंतर लगेच हवी असेल तर टाकीवर गुडघ्यांजवळचे रबरी पॅड किंवा आवडीचे आरसे घ्या, फक्त आरशांत मागचा रस्ता पूर्ण दिसतो याची खात्री करा. मित्रांना काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. त्यांपैकी एखादा रात्री तुमच्यासोबत चिंचोळीहून परत येत असेल, तर तुमच्या दिव्यांचा आणि पट्ट्यांचा उपयोग त्याला वेगळा सांगावा लागणार नाही.

पहिल्या सर्व्हिसला जाताना जॉब कार्डवर केवळ ‘ऑइल बदल’ एवढेच लिहू देऊ नका. चेनचा ताण आणि वंगण, तारेच्या चाकांच्या सर्व तारांचा ताण, हँडलची बेअरिंग, हेडलाइटची उंची आणि साडी गार्डचे बोल्ट तपासून घ्या, असे स्पष्ट लिहून द्या. नव्या चाकाच्या तारा सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये किंचित सैल पडू शकतात. क्रॅश गार्ड आणि दिवे त्याच दिवशी, तुमच्या समोर, तिथेच बसवून घ्या, दिव्यांची जोडणी कपलरवर झाली आहे हे टाकी आणि सीट परत चढवण्याआधी स्वतः पाहा, आणि क्रॅश गार्डचे बोल्ट आठवड्याभराच्या वापरानंतर पुन्हा एकदा आवळून घ्या.